एकटीनं ऐकायची पेटी

पेटी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भजनी मंडळ, शाळेतली प्रार्थना, नाही तर गवयाच्या डाव्या हाताला बसलेला साथीदार. घरातल्या बाईसारखीच पेटीसुद्धा सगळ्यांच्या साथीला असते. तिचं एकटीचं कोण ऐकतं?

म्हणून मला नुसत्या पेटीच्या रेकॉर्डी फार जवळच्या वाटतात. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या हे आपण जाणतोच, पण पेटीला मैफलीत स्वतंत्र मान मिळवून देणाऱ्यांतही ते होते. पुढे पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांनी नाट्यपदं नुसत्या पेटीवर ऐकवली. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची! आता ती मोबाईलवर ऐकता येतात.

शेजारच्या काकूंनी विचारलं, “याच्यात कोनी गातच नाही का वं?” नाही गात, आणि गंमत तिथंच आहे. पद ओळखीचं असतं, शब्द मात्र नसतात. मग रिकाम्या जागी आपलं मन आपलं काहीतरी ठेवून देतं. कुणाला माहेर आठवतं, कुणाला राहून गेलेलं शिक्षण.

पेटीचे सूर सुटे. सतारीसारखी मींड तिच्यात निघत नाही. त्यामुळं १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. तरी वाजवणारा डाव्या हातानं भाता असा जपून हलवतो, की सुटे सूर एका श्वासात आल्यासारखे वाटतात.

पियानो हे पेटीसारख्याच पट्ट्यांचं, पण मोठं वाद्य. अमेरिकेतल्या जॅझ संगीतात तो एकट्यानं वाजवायची जुनी रीत आहे. २४ जानेवारी १९७५ ला जर्मनीतल्या कोलोन शहरात कीथ जॅरेट वाजवायला बसले, तेव्हा पुढ्यात भलताच पियानो आला होता, लहान आणि कुरकुरणारा. वरचे सूर पातळ, खालचे दुबळे. त्यांनी मधल्या सुरांवर भर देऊन, आधी काही न ठरवता, तासाभराहून अधिक वाजवलं. त्या रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या. मध्येच त्यांचं गुणगुणणंही ऐकू येतं. घरात आहे त्यातच चार माणसांचं जेवण उभं करणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको! २०१८ मध्ये पक्षाघाताचे दोन झटके येऊन त्यांचा डावा हात गेला. हे कळल्यावर ती रेकॉर्ड ऐकताना डाव्या हाताच्या सुरांकडेच कान लागतो.

आपल्यापैकी कितीजणी लग्नाआधी पेटी शिकल्या! ती आता कपाटावर गाठोड्यात असेल. खाली काढा. प्लॅस्टिक काढून सुती कापडात ठेवा. आपल्या अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं, पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. म्हणून भिंतीच्या ओलीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर असू द्या. भात्याला उंदीर लागला नाही ना, तेही पाहा. आठवड्यातून एकदा तरी सगळे सूर वाजवा.

आणि दुपारी भांडी आवरल्यावर एक रेकॉर्ड ऐका. त्या तीन मिनिटांत भाजी निवडायची नाही, कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत. नुसतं बसायचं. बसवतं का ते पाहा, आणि मला जरूर कळवा.