लिनक्सवर आवाज रेकॉर्ड होत नाही? आधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. नवा लॅपटॉप परवडणारा नव्हता, म्हणून नागपुरातल्या माझ्या मावसभावाने जुन्यावरच लिनक्स टाकलं. त्याला आजीच्या वऱ्हाडी गोष्टी जपून ठेवायच्या होत्या. आजी तासभर बोलली, पण फाइलमध्ये नुसती शांतता! "फुकटचं असंच रायते ना दादा," तो म्हणाला.

खरं तर सॉफ्टवेअर ठीक होतं. आजकालच्या बहुतेक लिनक्समध्ये माइकचा आवाज पाइपवायर नावाच्या यंत्रणेतून ॲपपर्यंत पोचतो. तिथे भलताच माइक निवडलेला होता.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये साउंड उघडा आणि बोलून बघा. इनपुटची पट्टी हलत नसेल, तर माइक बदला. हलतेय, तरी रेकॉर्ड होत नाही? मग ॲपमधलं रेकॉर्डिंग डिव्हाइस तपासा. ॲप स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून घेतलं असेल, तर माइकची परवानगीही बघा.

ॲप कोणतं घ्यायचं? बोलणं कापायला-जोडायला ऑडॅसिटी पुरेसं आहे. अनेक ट्रॅकचं गाणं करायचं तर आर्डर. २०२१ मध्ये ऑडॅसिटी म्युझ ग्रुपकडे गेलं आणि डेटा गोळा करण्याच्या धोरणावरून गदारोळ झाला. कंपनीला धोरणाची भाषा बदलावी लागली. कोड खुला असल्याने टेनॅसिटी ही वेगळी आवृत्तीही निघाली. माझ्या मते फुकट मिळण्यापेक्षा ही मोकळीक मोठी आहे.

आजीने गोष्ट पुन्हा सांगितली, पण ती जरा वेगळी झाली. पहिली गेली ती गेलीच. म्हणून आधी दहा सेकंद रेकॉर्ड करा, ऐका, मगच सुरू करा.