माया आहे, पण जागा?

नांदणी मठाची महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या वनतारा या रिलायन्सच्या प्राणी-केंद्राकडे निघाली, तेव्हा अख्खा शिरोळ तालुका हळहळला. निरोपाला गर्दी लोटली, मग कोल्हापूरपर्यंत मोर्चा निघाला, निषेध म्हणून रिलायन्सच्याच जिओची सिमकार्डं बदलली गेली. ते दुःख खोटं नव्हतं. पण हत्तीण कुणाची, यावर जेवढा खल झाला, त्याच्या निम्मासुद्धा तिला चालायला-फिरायला जागा किती होती, यावर झाला नाही.

महादेवी १९९२ पासून मठात होती. तेहतीस वर्षांत तिच्या सोबतीला दुसरा हत्ती नव्हता. जंगलातली हत्तीण जन्मभर आई, मावश्या, बहिणींच्या कळपात राहते आणि दिवसाचा बराचसा वेळ चरत चालत असते. तिला सिमेंटच्या कोब्यावर साखळीने बांधलं की काही टनांचा भार एकाच जागी पडतो. तळव्यांना भेगा जातात, नखं सडतात, सांधे धरतात. मग ती उभ्या जागी मान डोलवू लागते, एका लयीत, तासन् तास. भाविक म्हणतात, गजलक्ष्मी खुशीत आहे. पशुवैद्य त्या डोलण्याला कोंडमाऱ्याचं लक्षण मानतात.

कोल्हापूर जिल्ह्याला हे नवं नाही. जोतिबाला २००७ मध्ये अर्पण केलेला सुंदर हत्तीही साखळदंडांतच होता. कोर्टकचेऱ्या होऊन २०१४ मध्ये त्याला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला हलवावं लागलं. प्राणिसंग्रहालयांत हत्तींना पुरेशी जागा मिळत नाही, म्हणून त्यांना तिथून बाहेर काढा, असं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच सांगितलं होतं. खुद्द प्राणिसंग्रहालयाला जे जमत नाही, ते देवळाच्या आवारात कसं जमावं?

कायदा मात्र लुळा. जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, आखूड साखळीने फार वेळ बांधणं, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत. पण त्यांना पहिल्या खेपेस दंड दहा ते पन्नास रुपये. आखूड म्हणजे किती फूट, हे कलमात नाही.

हीच फूटपट्टी वनतारालाही लावली पाहिजे. श्रीमंताचं कुंपणही कुंपणच. तिथे हत्तींना किती एकर मोकळीक मिळते, साखळी किती तास असते, याची तपासणी त्रयस्थांनी करून ती जाहीर करावी. महादेवीसाठी नांदणीजवळ केंद्र उभारण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये पुढे आला, त्यालाही हेच प्रश्न विचारायला हवेत.

मिरवणुकीत हत्ती हवाच, असा आग्रह असेल तर त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळी देवळाकडे पाहावं. तिथे २०२३ पासून यांत्रिक हत्ती देवाची सेवा करतो आहे. महाराष्ट्रातल्या देवस्थानांनी यापुढे जिवंत हत्तीचं दान स्वीकारू नये आणि सरकारने साखळीची लांबी, मोकळी जमीन, सोबतीचा हत्ती यांचे किमान निकष नियमांत लिहावेत. हे निकष जिथे पुरे होत नाहीत, तिथे हत्ती ठेवायला परवानगी असता कामा नये.