झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या घरी आजारी मूल नसावे. आमच्या घरी आहे.

मुलगी सहा वर्षांची असताना एके दिवशी सकाळी डोळे सुजवून उठली. काही चावले असेल म्हणून आम्ही सोडून दिले. आठवड्याभरात पाय सुजले, पोटावर फ्रॉक बसेना. डॉक्टरांनी लघवी तपासून दुखण्याचे नाव सांगितले: नेफ्रॉटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाची चाळणी सैल होते आणि रक्तातली प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बहुतेक मुलांना उतार पडतो, पण दुखणे पुन्हा पुन्हा उलटते. मूल वयात येईपर्यंतही पिच्छा पुरवते. मी वैद्य नव्हे. कादंबऱ्या लिहितो, पोटासाठी शाळेत शिकवतो, आणि माझे स्वतःचे शिक्षण दहावीवर थांबले. तरी एवढे मला आता पाठ आहे. रोज सकाळी लघवीत कागदी पट्टी बुडवायची. ती पिवळी राहिली तर दिवस आमचा. लागोपाठ तीन दिवस गडद हिरवी झाली, की गोळ्यांचा मोठा डोस पुन्हा सुरू.

आत्याने मला बाजूला घेऊन सांगितले, “अरे, मुलीची जात आहे. बाहेर बोलू नकोस. उद्या स्थळे बघायची वेळ येईल तेव्हा काय करशील?”

सहा वर्षांच्या पोरीची स्थळे! आणि वाचकहो, ज्याच्या कादंबऱ्यांतले नायक पानोपानी समाजाला आव्हाने देतात, त्या मी मुकाट्याने मान डोलावली. शाळेत सांगितले, हवा मानवत नाही. गोळ्यांनी तिचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, तेव्हा लग्नकार्यात बायका गाल ओढून म्हणत, “कशी गुटगुटीत झालीय हो, काय खायला घालता?” आम्ही हसत असू. हे हसणे मला अजून आठवते.

मग दिवाळी आली. सगळे आप्त जमले. त्यांतल्या एका मुलाच्या अंगावर कांजिण्यांच्या खपल्या पुरत्या धरल्याही नव्हत्या. सणासुदीला आजाराचे नाव कशाला, म्हणून त्याच्या आईने लांब बाह्यांचा सदरा घातला. त्यांनी त्यांची मूठ झाकली, आम्ही आमची. चौदाव्या दिवशी माझ्या मुलीच्या अंगावर फोड उठले. स्टेरॉइड चालू असलेल्या मुलात हाच साधा आजार फुप्फुसात उतरू शकतो. तिच्या तो उतरला. अकरा दिवस आम्ही रुग्णालयात होतो. संबंध आला त्याच वेळी कळवले असते तर प्रतिबंधाचे इंजेक्शन देता आले असते, असे डॉक्टर म्हणाले. त्या मुलाची आई रडत रडत म्हणाली, “मला कोणी सांगितले असते, तर मी आलेच नसते हो!” तिच्यावर रागवायला माझ्यापाशी तोंड नव्हते.

लग्नाचे काय, असे विचारणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: लग्नापर्यंत पोर जगवायची कोणी? तुमच्या अब्रूने? बहुतेक मुलांचे हे दुखणे वाढत्या वयात मागे हटते. तोवर ते मूल शाळेच्या, शेजाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या हातात असते, आणि त्या हातांना काहीच ठाऊक नसते. मी स्वतः किती मुलांना “तास संपेपर्यंत बस” म्हणून लघवीला जाऊ दिले नाही! त्यांतल्या कोणाच्या घरी कसली मूठ झाकलेली होती, मला काय ठाऊक?

यंदा फराळाच्या बोलावण्याखाली मी दोन ओळी जास्त लिहिल्या: ‘मुलीला मूत्रपिंडाचे दुखणे आहे. घरात ताप, खोकला, कांजिण्या असल्यास कृपया कळवावे आणि मग सावकाश यावे.’ आत्या बोलेनाशी झाली आहे. दोन गल्ल्यांपलीकडच्या एका बाईंनी मात्र त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर पाठवले: आमच्या धाकट्यालाही तीन वर्षे हेच आहे, पट्टी तुम्ही कोठून आणता?