कराडला 'मारुत' नको, 'वायहे' हवं

मंडळी, आमच्या कराडात विमानतळाचा विषय निघाला की दोनच पार्ट्या. एक म्हणते, धावपट्टी वाढवा, मोठी एअरबस उतरू दे, मग बघा विकास! दुसरी म्हणते, बागायत जमीन देणार नाही. मी आयटीवाला, शनिवार-रविवार पुण्याहून गावी येणारा, म्हणजे पहिल्या पार्टीतला असणार असं सगळे गृहीत धरतात. नाही हो. मी दुसऱ्या पार्टीत आहे, आणि माझं कारण तांत्रिक आहे.

कुर्ट टँक हे जर्मन नाव आपल्याकडे एचएफ-24 'मारुत'मुळे माहीत. 1961 साली बंगळूरला उडालेलं हे लढाऊ विमान, यशवंतराव संरक्षणमंत्री असतानाच ते हवाई दलाच्या हाती आलं. दिसायला झकास, पण त्याच्या तोडीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही.

याच टँकनं 1935 साली 'वायहे' नावाचं एक साधंसुधं दोन इंजिनी विमान बनवलं होतं, फोके-वुल्फ 58. काम काय, तर नवशिक्यांना शिकवायचं. एक इंजिन बंद पडलं की विमान त्या बाजूला वळायला लागतं, ते पायानं रडर दाबून सरळ कसं ठेवायचं, हे अशा विमानातच शिकतात. मग त्याच सांगाड्यात कुणी स्ट्रेचर बसवले, कुणी साहेब लोकांची ने-आण केली, कुणी फवारणीचं यंत्र लावलं. ब्राझीलनं परवाना घेऊन तिकडे बनवलं. बनलं ते हिटलरच्या फौजेसाठी, हे विसरायचं कारण नाही. पण एका यंत्राकडून दहा कामं घ्यायची अक्कल कुठूनही उचलावी.

आपण उचललीसुद्धा! डॉर्नियर 228 मूळचं जर्मनच, दोन इंजिनं, 19 प्रवासी. आपली एचएएल ते कानपूरला बनवते. नौदल आणि तटरक्षक दल त्यावर समुद्राची गस्त घालतात, नौदल त्यावर प्रशिक्षणही देतं, आणि 2022 पासून आसाम-अरुणाचलात ते प्रवासीही नेतंय. उडायला त्याला किलोमीटरभर धावपट्टीही लागत नाही. कराडची पट्टी 1955 च्या सुमाराची, कोयना प्रकल्पासाठी केलेली, साधारण सव्वा किलोमीटर. झालं की काम!

"तिकिटं खपणार नाहीत, वायुदूत नाही का बुडाली?" बरोबर. म्हणूनच नुसत्या तिकिटांवर गणित मांडू नका. दोन इंजिनी विमानाच्या प्रशिक्षणासाठी आपली पोरं लाखो रुपये घेऊन परदेशी जातात, ते इथं द्या. रुग्ण हलवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरजवळ हायवे बंद पडला होता, तेव्हा वरून पाहणी करायला, औषधं आणायला जवळची पट्टी किती मोलाची, ते सांगायला लागू नये. मोठंच विमान हवं असेल, तर कोल्हापूरचा विमानतळ सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहेच.

आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये एक साधा नियम आहे: आहे तो सर्व्हर निम्मा रिकामा असताना नवा मागायचा नाही. वारुंजी, मुंढे, केसे इथल्या शेतकऱ्याची कोयनेच्या पाण्यावरची जमीन तर एकदा गेली की बॅकअपमधूनही परत येत नाही.

तेव्हा नेतेमंडळी, आधी आहे ती पट्टी वर्षभर गजबजवून दाखवा. मग लांबीचं बोलू.