विश्लेषण : जिंकलेला खाली, हरलेला वर! अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या क्रमवारीवरून दर हंगामात भांडण का होते?

३१ ऑगस्ट २०२५च्या रात्री मायामी विद्यापीठाच्या संघाने नोटर डेम विद्यापीठाला २७-२४ असे हरवले. तरीही नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीची पहिली यादी आली, तेव्हा नोटर डेम दहाव्या क्रमांकावर होते आणि मायामी अठराव्या. तोवर दोघांचेही दोन-दोन पराभव झाले होते. पुढच्या प्रत्येक मंगळवारी नवी यादी आली आणि प्रत्येक यादीत नोटर डेम वरच राहिले. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी या दोघांपैकी कुणाचाही सामना नव्हता. दुसऱ्या दिवशी अंतिम यादी लागली. त्यात मायामी दहावे आणि नोटर डेम अकरावे होते. बाद फेरीचे दार दहाव्या क्रमांकानंतर बंद झाले. मैदानात पाऊल न टाकता एक संघ आत गेला आणि दुसरा बाहेर राहिला.

संतापलेल्या नोटर डेमने त्या मोसमातला उरलेला प्रदर्शनीय सामना खेळण्यासही नकार दिला. मायामीला आत घेणे चूक होते का? आमच्या मते नाही. मग घोळ नेमका कुठे झाला?

कॉलेजच्या खेळाला एवढे महत्त्व का?

इथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळला जाणारा अमेरिकी खेळ. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हटले की रिकाम्या पायऱ्या आणि चार मित्र डोळ्यासमोर येतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांवर आहे, म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून अधिक. ऑगस्टअखेर ते डिसेंबर दर शनिवारी अशी मैदाने भरतात. महाराष्ट्रातून तिकडे शिकायला गेलेल्या मुलामुलींना पहिल्याच सत्रात कळते, की शनिवारी गावातले रस्ते, हॉटेले आणि ग्रंथालयाच्या वेळासुद्धा सामन्याच्या हिशेबाने चालतात.

पैसाही तसाच आहे. बाद फेरीच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएन वाहिनीने सहा वर्षांचा ७८० कोटी डॉलरचा करार केला आहे. २०२५च्या हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला की त्याच्या गटाला ४० लाख डॉलर मिळत आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर भर पडत असे. मायामीच्या संघाने अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली आणि त्या वाटेवर दोन कोटी डॉलर जमा झाले. नोटर डेम कोणत्याच गटात नसल्याने त्यांचा हिस्सा थेट त्यांनाच मिळाला असता. जुलै २०२५पासून विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नातला वाटाही देऊ लागली आहेत. त्यामुळे दहावा की अकरावा, हा आता नुसता मानाचा प्रश्न उरलेला नाही.

गुणतक्ता का नाही?

आयपीएल पाहणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडेल. गुण मोजा, बरोबरी झाली तर धावगती पाहा, मतदान कशाला? उत्तर साध्या गणितात आहे. या सर्वोच्च श्रेणीत २०२५मध्ये १३६ संघ होते. प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवायचे तर नऊ हजारांहून अधिक सामने लागतील. नियमित हंगामात संघाच्या वाट्याला येतात फक्त १२. म्हणजे दहापैकी नऊ जोड्या कधी समोरासमोर येतच नाहीत. त्यात कुणाच्या गटात पाच तगडे प्रतिस्पर्धी, तर कुणाच्या गटात एखादाच. दहा विजय इकडचे आणि दहा विजय तिकडचे एका मापाने मोजता येत नाहीत. ‘तुम्ही खेळलात तरी कुणाशी?’ हा चाहत्यांच्या भांडणातला सर्वांत जुना टोमणा आहे आणि त्यात तथ्यही आहे.

शिवाय विजय सरळ रेषेत चालत नाहीत. २०१७चा हंगाम घ्या. ऑबर्नने अलाबामालाही हरवले आणि जॉर्जियालाही. पुढे राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना याच दोघांत झाला आणि अलाबामा विजेता ठरला. त्या ऑबर्नला नववर्षाच्या सामन्यात हरवले ते सेंट्रल फ्लोरिडाने. हा संघ तेराच्या तेरा सामने जिंकूनही चौघांच्या बाद फेरीत नव्हता, कारण त्याचा गट दुबळा मानला गेला. त्या विद्यापीठाने स्वतःलाच राष्ट्रीय विजेता जाहीर केले. अनेकांनी चेष्टा केली, पण एका मान्यताप्राप्त संगणकीय क्रमवारीनेही त्यांनाच पहिला क्रमांक दिला होता.

संगणक आले आणि गेले

‘असोसिएटेड प्रेस’ ही वृत्तसंस्था १९३६पासून क्रीडा पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी काढते. प्रत्येक पत्रकार २५ संघ लिहितो. पहिल्याला २५ गुण, शेवटच्याला एक, मग बेरीज. १९५०पासून प्रशिक्षकांचेही वेगळे मतदान सुरू झाले. दोन याद्या म्हणजे कधी कधी दोन विजेते. १९९७मध्ये पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला विजेता ठरवले आणि दोन्ही राज्यांत आनंदोत्सव झाले.

यावर तोडगा म्हणून १९९८मध्ये मानवी मते आणि संगणकाचे गणित यांची सरासरी काढून अव्वल दोघांना अंतिम सामना खेळवण्याची पद्धत आली. माणसाला आवडनिवड असते, यंत्राला नसते, ही आशा त्यामागे होती. २००१मध्ये नेब्रास्काने साखळीतला शेवटचा सामना कोलोराडोविरुद्ध ३६-६२ असा गमावला आणि तरी ते अंतिम सामन्यात पोहोचले. २००३मध्ये सदर्न कॅलिफोर्निया दोन्ही मतदानांत पहिले होते, तरी एकत्रित हिशेबात तिसरे आले आणि बाहेर पडले. पत्रकारांनी हंगामाअखेर त्यांनाच विजेता म्हटले, म्हणजे पुन्हा दोन विजेते झाले. संगणक निःपक्षपाती होता हे खरेच. पण कशाला किती वजन द्यायचे, हे त्याला माणसांनीच शिकवले होते.

२०१४च्या हंगामापासून निवड समिती आली. यात विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू असे साधारण डझनभर लोक असतात. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन गावी एका हॉटेलात ते बसतात. स्वतःच्या विद्यापीठावर चर्चा असेल तर सदस्याने खोलीबाहेर जायचे, असा नियम आहे. सुरुवातीला बाद फेरी चार संघांची होती, २०२४पासून बारा संघांची झाली. त्यात पाच जागा गटविजेत्यांसाठी राखीव आहेत. गेल्या हंगामात ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन हे क्रमवारीत बरेच खाली असलेले गटविजेते या वाटेने आत आले, म्हणून बाकीच्यांसाठी रेघ बाराव्याऐवजी दहाव्या क्रमांकाखाली ओढली गेली.

लायक कोण आणि बलवान कोण?

खरा गुंता इथे आहे. क्रमवारीला एकाच वेळी दोन प्रश्न विचारले जातात. एक, आजवरच्या खेळाने कुणी जागा कमावली? दोन, उद्या सामना झाला तर कोण जिंकेल? पहिला प्रश्न मागे पाहतो, दुसरा पुढे. बहुतेक वेळा उत्तर एकच येते, म्हणून फरक जाणवत नाही. जिथे उत्तरे फुटतात तिथे भडका उडतो.

२०२३मध्ये फ्लोरिडा स्टेटचे तेच झाले. तेरा सामने, तेरा विजय, गटाचे विजेतेपद. पण नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाला. समितीने एक पराभव असलेल्या अलाबामाला चौथा क्रमांक दिला आणि अपराजित फ्लोरिडा स्टेटला पाचवा. प्रमुख खेळाडूच्या अनुपस्थितीचा विचार करण्याची मुभा नियमांत होती, त्यामुळे समितीने नियम मोडला असे म्हणता येत नाही. पण तिने पहिला प्रश्न बाजूला ठेवून दुसऱ्याचे उत्तर दिले. उरलेल्या खेळाडूंनी त्याच्याविना सामने जिंकून दाखवले होते, त्याचे मोल शून्य झाले. तो निर्णय आम्हाला आजही पटत नाही.

पुढे ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे चिरडले आणि ‘बघा, समिती बरोबर होती’ असा सूर निघाला. हा युक्तिवाद फसवा आहे. बाद फेरीची संधी गेल्यावर त्यांच्या अनेक प्रमुख खेळाडूंनी तो सामना खेळलाच नव्हता. याच न्यायाने मायामी अंतिम सामन्यापर्यंत गेली म्हणून नोटर डेमला वगळणे योग्य ठरत नाही. नोटर डेम कुठवर पोहोचले असते, हे कुणालाच कधी कळणार नाही. आत आलेल्याचा निकाल दिसतो. बाहेर राहिलेल्याचा निकाल लागतच नाही.

अंदाजांचे काय?

ईएसपीएनच्या ‘कॉलेज गेमडे’ या शनिवारच्या कार्यक्रमात ली कोर्सो हे माजी प्रशिक्षक आपल्या पसंतीच्या संघाच्या शुभंकराचे भलेमोठे डोके चढवून अंदाज सांगत. १९९६पासून सुरू झालेला हा प्रकार ३० ऑगस्ट २०२५ला त्यांच्या निवृत्तीबरोबर संपला. अंदाज चुकला तर समोरचे हजारो विद्यार्थी आठवडाभर हसत, पण त्याने कुणाची जागा जात नसे. अंदाज या पातळीवर राहिला तर मजेचाच आहे.

हंगामपूर्व क्रमवारी मात्र अंदाज असूनही वस्तुस्थितीसारखी वापरली जाते. ऑगस्ट २०२५मध्ये पत्रकारांच्या यादीत टेक्सास पहिले, पेन स्टेट दुसरे आणि इंडियाना विसावे होते. टेक्सास पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटकडून ७-१४ असे हरले आणि शेवटी बाद फेरीलाही मुकले. पेन स्टेटने ओळीने तीन सामने गमावले आणि ऑक्टोबरच्या मध्यापूर्वीच प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढून टाकले. विसाव्या क्रमांकाचा इंडियाना सोळाच्या सोळा सामने जिंकून विजेता झाला. हंगाम सुरू झाला तेव्हा सर्वोच्च श्रेणीतल्या सर्वाधिक पराभवांचा इतिहास वागवणारा हा संघ! १९ जानेवारी २०२६ रोजी त्यांनी मायामीलाच, मायामीच्याच मैदानावर २७-२१ असे हरवले.

अंदाज चुकला याबद्दल तक्रार नाही. एकही सामना न खेळलेल्या संघाला दुसरा क्रमांक मिळाला की पहिले काही आठवडे त्याला हरवणारा संघ ‘दुसऱ्या क्रमांकाला हरवले’ म्हणून वर चढतो. कागदावरच्या समजुतीवर दुसरी समजूत रचली जाते. समिती आपली यादी नोव्हेंबरमध्ये कोऱ्या पाटीवर सुरू करते, हे तिच्या बाजूने म्हणायला हवे. पण तिचे सदस्यही ऑगस्टपासून तीच वर्तमानपत्रे आणि तेच सामने पाहत असतात.

मंगळवारची यादी हवी कशाला?

नोटर डेमच्या बाबतीत समितीचे म्हणणे असे, की दोन संघ क्रमवारीत लगत आले तरच त्यांची थेट तुलना होते. आधी मायामी आणि नोटर डेम यांच्यामध्ये दुसरे संघ होते. शेवटच्या शनिवारी मधला ब्रिगहॅम यंगचा संघ हरून खाली घसरला, दोघे लगत आले आणि ऑगस्टमधला निकाल निर्णायक ठरला. कार्यपद्धती म्हणून हे समजते. पण तो निकाल पहिल्या यादीच्या वेळीही तेवढाच खरा होता. मधल्या सगळ्या मंगळवारी टीव्हीवर सांगितले गेले, की नोटर डेम पुढे आहे. खेळाडूंनी त्यावर विश्वास ठेवला, चाहत्यांनी पैजा लावल्या. सलग दहा सामने जिंकत असलेल्या विशीतल्या पोरांना आपण आत आहोत असे वाटले तर दोष त्यांचा नाही.

समिती अंतिम निवडीसाठी आहे. दर आठवड्याची यादी ही वाहिनीची गरज आहे. तासभराचा कार्यक्रम, त्यावर रात्रभर चर्चा, सकाळी रेडिओवर श्रोत्यांचे फोन, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. चाहत्यांना भांडायला यादी लागतेच, पण त्यासाठी पत्रकारांची आहे, प्रशिक्षकांची आहे, संगणकांच्या तर डझनावारी आहेत. समितीने डिसेंबरमध्ये एकदाच यादी द्यावी. चार-चार आठवडे अपुऱ्या माहितीवर सार्वजनिक भूमिका घ्यायची आणि शेवटी ती फिरवायची, यात चांगला निर्णयही संशयास्पद दिसतो. मायामीचे तसेच झाले.

संघांची संख्या आणखी वाढवावी, अशीही मागणी जोरात आहे. चार होते तेव्हा पाचवा रडत होता, बारा झाले तेव्हा अकरावा. अठ्ठावीस झाले तर एकोणतिसावा रडेल, एवढाच फरक.

त्याहून सोपी सुधारणा हाताशी आहे. असोसिएटेड प्रेससाठी मत देणाऱ्या पत्रकाराची यादी नावानिशी प्रसिद्ध होते. विचित्र मत दिले तर त्याला सोमवारपासून जाब विचारणारे हजार लोक भेटतात आणि तो उत्तर देतो. पत्रकाराच्या मतावर ४० लाख डॉलर अवलंबून नसतात. ज्यांच्या मतावर असतात, त्या डझनभर लोकांपैकी कुणी मायामीला आधीपासून वर ठेवले होते आणि कुणी शेवटच्या रात्री मत बदलले, हे ग्रेपव्हाइनच्या त्या खोलीतच राहते.