समुद्राने दिलेली सवलत

भारतीय द्वीपकल्पाच्या दोन किनाऱ्यांना समुद्राने कधीच सारखे वागवले नाही. बंगालच्या उपसागरात चार चक्रीवादळे उठावीत तेव्हा अरबी समुद्रात एखादे, असे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रमाण. आणि आपल्याकडचे वादळही बहुधा ओमानकडे किंवा गुजरातकडे वळे. पूर्वेकडचा उपसागर किनाऱ्याशी उथळ, म्हणून वाऱ्याबरोबर पाण्याची भिंतच गावांत शिरते. 1977 साली आंध्रातल्या दिवीसीमेत आणि 1999 साली ओडिशात सुमारे दहा-दहा हजार माणसे गेली. आपण ते वाचले, हळहळलो आणि पान उलटले. भूगोलाने दिलेल्या सवलतीला आपण आपली पुण्याई समजलो. ‘आपल्याकडे वादळ येत नाही’ हे वाक्य वडिलोपार्जित जमिनीसारखे हातोहात पुढे आले आणि तुम्ही-आम्ही कुणीच ते तपासून पाहिले नाही.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. तिथल्या श्रीवर्धनचे आगर म्हणजे नुसत्या झाडांच्या रांगा नव्हेत. तिथे माडांमध्ये पोफळी असतात, पोफळीच्या खोडावर मिरवेल चढवलेला असतो आणि त्या गारव्यात जायफळ वाढते. पोफळी मधोमध मोडल्या, त्यांच्याबरोबर मिरी जमिनीवर आली आणि उरलेले जायफळ उन्हात उघडे पडले. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात. मदत जाहीर झाली ती हेक्टरी 50 हजार. आगरे मात्र तिथे गुंठ्यांत असतात, म्हणजे गुंठ्याला जेमतेम 500 रुपये. त्यातही सातबारा सामाईक, अर्धी नावे मुंबई-ठाण्याची. गावी राहून झाडे जपणारा भाऊ संमतीपत्रांसाठी चुलत्यांना फोन करत राहिला. सुपारी सोलून घर चालवणाऱ्या बाईचे नाव तर कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. तिचा बुडालेला रोज कोणत्या पंचनाम्यात लिहिला गेला? कायद्यात तशी तरतूद नाही, असे उत्तर मिळेल. तरतूद नाही, कारण ती आपण कधी मागितलीच नाही.

उलट समुद्र नीट दिसावा म्हणून सुरूची झाडे तोडून बांधलेल्या घरांत आपणच सुट्ट्या घालवल्या, आणि भराव टाकून कांदळवन बुजवणाऱ्यांकडून आपणच सदनिका घेतल्या. 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळाचा इशारा आधीच मिळालेला असतानाही मुंबईबाहेरच्या तेलक्षेत्रात पी-305 ही बार्ज माणसांसह समुद्रातच राहिली. ती आणि एक टग बुडून सत्तरहून अधिक कामगार मेले. चार दिवस आपण हळहळलो. पुढे चौकशीचे काय झाले, हे विचारायला कोण गेले? त्याच वर्षी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडले की, आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे 52 टक्क्यांनी वाढली. पाणी तापते आहे. आजोबांच्या वेळचा समुद्र आता राहिलेला नाही, आणि आपण मात्र त्यांच्याच भरवशावर घरे बांधतो आहोत.

ओडिशा आपल्याहून श्रीमंत नाही. पण 1999 च्या प्रेतांपुढे त्या समाजाने मान खाली घातली आणि तो कामाला लागला. निवारे बांधले, गावोगावी तरुण तयार केले. म्हातारे, गरोदर बाया, अपंग यांना कोण हलवणार हे आधीच ठरवले. 2013 साली ‘फायलिन’ वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे वेळेत हलवली गेली आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. हे त्यांनी चौदा वर्षांत केले. आपल्याला ते जमणार नाही, असे मानायला काहीही कारण नाही.

मे महिन्यात आपण गावी जातोच, आणि वादळांचा एक हंगामही तोच. या 1 मे च्या ग्रामसभेला बसा. निवारा कुठे आहे, त्याची किल्ली कुणाकडे आहे आणि वाडीतल्या एकट्या म्हातारीला उचलून कोण नेणार, हे उभे राहून विचारा. आणि सामाईक सातबाऱ्यावर तुमचे नाव असेल, तर गावातल्या भावाला संमतीपत्र आत्ताच लिहून द्या.