घरातला फोटोंचा डबा उघडेना? घाबरू नका!

मे महिन्यातली लखनौची दुपार. वीज गेली, अर्ध्या तासाने आली. पंखे फिरू लागले, वायफायही सुरू झालं. पण कालपर्यंत फोनवर दिसणारं फोटोंचं फोल्डर मात्र गायब! बाळाचं बारसं, आजोबांचा आवाज, सगळं त्यातच. छातीत धस्स होणारच. पण थांबा. अशा वेळी बहुधा फोटो जागेवरच असतात, हरवलेला असतो तो तिथपर्यंतचा रस्ता.

राउटरला जोडलेल्या या हार्ड डिस्कच्या डब्याला नॅस म्हणतात. घरातले सगळे फोन आणि कॉम्प्युटर तो मिळून वापरतात. घाईत रीसेटचं छिद्र टोचू नका. 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइज' करायचं का, असं विचारलं तर 'हो' म्हणू नका.

आधी दिवे पाहा
राउटर पूर्ण सुरू झाल्यावर नॅस रीतसर बंद करून पुन्हा लावा आणि दहा मिनिटं थांबा. केबलजवळचा दिवा लागत नसेल तर केबल बदला. डिस्कमधून टकटक आवाज आला तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्या.

एकच वायफाय आहे ना?
फोन गेस्ट वायफायवर किंवा मोबाइल डेटावर असेल, तर घरातला डबा दिसत नाही. व्हीपीएनही बंद करून पाहा.

पत्ता बदलला का?
नेहमीचं कारण हेच. राउटर प्रत्येक उपकरणाला आकडी पत्ता देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ने सुरू होणारा. वीज जाऊन आली की तो बदलू शकतो आणि फोन जुन्याच दारावर थाप मारत राहतो. राउटरच्या ॲपमधल्या यादीत नॅसचा नवा पत्ता शोधा आणि ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान उघडलं तर निम्मं काम झालं. मग राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून तो पत्ता कायमचा नेमून द्या.

पान उघडतं, फोल्डर नाही?
आयफोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी आहे का पाहा. २०२०च्या आयओएस १४पासून ती लागते. विंडोजमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधला जुना पासवर्ड काढून नवा टाका. विंडोज ११च्या २०२४मधल्या मोठ्या अपडेटनंतर अनेक कॉम्प्युटर पासवर्डशिवाय चालणारे जुने डबे नाकारतात. अशा वेळी कॉम्प्युटरची सुरक्षा कमी करू नका. नॅसवर घरातल्या प्रत्येकाचं नाव-पासवर्ड तयार करा आणि त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा.

एक धडा
जून २०२१मध्ये जगभरातल्या अनेक 'माय बुक लाइव्ह' डब्यांमधला डेटा इंटरनेटवरून कुणीतरी पुसून टाकला. त्या मॉडेलला शेवटचं अपडेट २०१५मध्ये मिळालं होतं. शेवटी कंपनीनेच लोकांना ते इंटरनेटपासून तोडायला सांगितलं. म्हणून बाहेरून नॅस उघडण्याची सोय गरज नसेल तर बंदच ठेवा. राउटर आणि नॅस दोन्हींना छोटा यूपीएस लावा.

आणि लक्षात ठेवा, डब्यात दोन डिस्क असल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही. चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून जातो. म्हणून या रविवारी एक वेगळी हार्ड डिस्क जोडा, सगळं त्यावर उतरवा आणि कपाटात ठेवा. पुढच्या वेळी वीज गेली, तर फक्त पंख्याची आठवण येईल!